सेवेत असलेली माणसं

भंडारदऱ्याला जागा भाड्याने देणाऱ्याचं वर्ष पावसाच्या मागेपुढे फिरतं. मे सरता सरता काजव्यांची गर्दी, जुलै-ऑगस्टला रंधा धबधबा आणि घाटघर, डिसेंबरात धरणाकाठी तंबू टाकून शेकोटी करणारी मुंबई-पुण्याची पोरं. फेब्रुवारी-मार्च मात्र कोरडे जातात. त्या दिवसांत शेंडीतल्या आमच्यासारख्यांना शिबिरं तारतात. कंपन्यांची, योगवाल्यांची, भजनी मंडळांची. मी संगमनेरला समाजशास्त्र घेऊन एम. ए. केलं, नोकरी लागली नाही, मग भावकीतल्या दोघांना घेऊन वडिलांच्या जमिनीवर तंबू, एक पत्र्याचं सभागृह आणि स्वयंपाकघर उभं केलं. शिकलेलं वाया गेलं, असं घरचे म्हणतात. मला तसं वाटत नाही. इतक्या तऱ्हेची मंडळी मला एरवी कोणी दारात आणून दिली असती?

त्यातली एक मंडळी बरीच वर्षं दर फेब्रुवारीत येत होती. त्यांचं नाव लिहीत नाही, आणि त्याला महत्त्वही नाही. गिऱ्हाईक म्हणून त्यांच्या तोडीचं मी दुसरं पाहिलं नाही. पैसे आगाऊ. दारू नाही, फुटक्या बाटल्या नाहीत, रात्री अडीचला स्पीकर नाही. जाताना गाद्यांच्या घड्या घालून, संडास धुऊन जायचे. कांदा-लसूण चालत नसे, तेवढा एक ताप. स्वयंपाकाला असलेली माझी चुलती वर्षभर त्यांची वाट पाहायची. "आशी माणसं आली की काम केल्यावानी वाटत नाय," म्हणायची.

पहिल्या दिवशी दुपारी एक ताई कापडी पिशवी घेऊन फिरत आणि सगळ्यांचे मोबाईल त्यात जमा होत. आमच्याकडे तशीही रेंज धड नसते, त्यामुळे पिशवीचं मला सुरुवातीला काही वाटलं नाही. नवरा-बायको वेगळ्या तंबूंत. पहाटे चारला उठणं, रात्री बारापर्यंत सत्संग. धरणाकडे फिरायला जायचं तर दोघांनी मिळून, आणि ते दोघं कोण हे वरचे ठरवणार. घरी फोन करायचा तर कारण सांगून परवानगी घ्यायची. रात्री ‘आत्मनिवेदन’ असे. एकेकाने उठून आपल्या चुका, घरातली भांडणं, मनात आलेले वाईट विचार सगळ्यांसमोर सांगायचे. एक जण ते वहीत उतरवून घ्यायचा. ही वही कशाला, असं मी एकदा विचारलं. "गुरुजींसाठी," एवढंच उत्तर मिळालं.

कॉलेजात वाचलेलं तेव्हा आठवलं. रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५०च्या दशकात हाँगकाँगला जाऊन चीनमधल्या ‘विचारसुधारणे’तून बाहेर पडलेल्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९६१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. माणसाला पूर्ण ताब्यात घेणाऱ्या व्यवस्थांची जी लक्षणं त्याने नोंदवली, त्यांत बाहेरच्या जगाशी संपर्कावर ताबा आणि सतत चाललेली कबुली ही दोन ठळक आहेत. पिशवी आणि वही दोन्ही माझ्या पत्र्याच्या सभागृहात होती. फक्त इथे कोणी कोणाला पकडून आणलेलं नव्हतं. माणसं रजा टाकून, स्वतःच्या पैशाने, चार-पाच तासांचा प्रवास करून आली होती.

मग ती का येतात? आमच्या राजूरच्या बाजारात याचं उत्तर एका शब्दात मिळतं: अडाणी. पण माझ्याकडे येणाऱ्यांत बँकेतले अधिकारी होते, इंजिनिअर होते, प्राध्यापक होते, एक दातांचे डॉक्टर होते. गुरुजींच्या शिकवणीबद्दल विचारलं तर बहुतेकांना धड चार वाक्यं सांगता येत नसत. मी ती पुस्तिका वाचली. त्यात काही वाईट नव्हतं आणि नवीनही काही नव्हतं. ती वाचून कोणी घरदार सोडेल, हे पटण्यासारखं नाही.

उत्तर मला स्वयंपाकघरात मिळालं. शिबिरात मौन पाळायचं असलं तरी भाजी निवडायला आलेल्या बायका चुलतीशी बोलायच्याच. त्यातल्या एक मावशी नाशिककडच्या. नवरा अचानक गेला. तेराव्यापर्यंत घर भरलेलं, चौदाव्या दिवशी रिकामं. मुलगा परदेशात, त्याची रजा संपली. त्याच आठवड्यात गल्लीतल्या दोन बायका डबा घेऊन आल्या आणि पुढे महिनाभर रोज येत राहिल्या. त्यांनी देवाचं नाव काढलं नाही, गुरुजींचंही नाही. भांडी घासून जायच्या, लाईटबिल भरून द्यायच्या. "पहिल्याच दिवशी त्यांनी गुरुजींचा फोटो काढला असता ना, तर मी त्यांना उंबऱ्याबाहेर घालवलं असतं," मावशी म्हणाल्या. फोटो महिन्याने आला. तोवर मावशींनीच विचारलं होतं, तुम्ही गुरुवारी कुठे जाता?

दुसरा एक तरुण पुण्याच्या कंपनीतला. त्याच्याकडे साऊंडची जबाबदारी. माझा जनरेटर बंद पडला की तो पळत यायचा. एकदा म्हणाला, "दादा, ऑफिसात मी आठ दिवस गेलो नाही तर मेल येतो. इथे पाच मिनिटं उशीर झाला तर माणसं शोधायला निघतात." हे तो कौतुकाने सांगत होता. शोधायला निघणं म्हणजे पाळत ठेवणंही असतं, हे त्याला दिसत नव्हतं, किंवा दिसूनही चालत होतं.

जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क या दोघा समाजशास्त्रज्ञांनी १९६५ साली अमेरिकेतल्या एका लहानशा पंथाच्या अभ्यासात हेच मांडलं होतं. माणूस आधी शिकवण पटून मग लोकांत मिसळत नाही. आधी लोकांशी जीव जडतो, शिकवण मागाहून पटते. त्या पंथाचं बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव ‘मूनीज’, संस्थापक कोरियाचे सन मायुंग मून. याच पंथावर पुढे आयलीन बार्कर यांनी लंडनमध्ये काम केलं. पंथाच्या शिबिरांना १९७९ साली गेलेल्या हजारावर लोकांचा मागोवा घेतला आणि १९८४ साली पुस्तक लिहिलं. तेव्हा वर्तमानपत्रांतून ‘मेंदूची धुलाई’ हा शब्द गाजत होता. बार्कर यांना दिसलं ते असं, की शिबिराला गेलेल्यांपैकी नव्वद टक्के पंथात गेलेच नाहीत, आणि जे गेले त्यांतले बरेचसे दोन वर्षांत बाहेर पडले. मेंदू धुणारं यंत्र असतं तर इतकी माणसं कोरडी राहिली नसती. माझ्याकडेही तेच. नव्या आलेल्यांत निम्म्याहून जास्त चेहरे पुढच्या फेब्रुवारीत दिसत नसत. तिसऱ्या वर्षी दिसणारा मात्र पाचव्या वर्षीही दिसे. येणाऱ्यांना कसं ओढलं जातं याची चर्चा आपण फार करतो. राहणारे का राहतात, हा खरा प्रश्न आहे.

त्याआधी आमच्याकडचं सांगतो, कारण तुलनेला ते हाताशी आहे. आमची वस्ती महादेव कोळ्यांची आणि ठाकरांची. भगत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो कोंबडं घेतो, तांदूळ घेतो, कधी अंगारा देऊन नको तिथे दवाखान्याचा वेळ घालवतो, आणि त्याबद्दल मी त्याच्याशी भांडलोही आहे. पण काम झालं की तो आपल्या घरी जातो. तुमच्या पोरीचं लग्न कोणाशी व्हावं, हे तो ठरवत नाही. माळकरी झालेली घरंही पुष्कळ आहेत. माळ घातली की मटण सुटतं, दारू सुटते, निदान सुटावी अशी अपेक्षा असते. एखाद्याची माळ शिमग्यात मोडते. लोक चार दिवस चिडवतात, आषाढीला तो परत दिंडीत दिसतो, आणि विणेकरी त्याच्याही पाया पडतो. गेलेल्याची नोंद कोणी ठेवत नाही, आलेल्याकडे कोणी हिशोब मागत नाही. आपल्या जिल्ह्यात शिर्डी आहे. साईबाबा कोणाला कानमंत्र देऊन शिष्य करत नसत, हे त्यांचे भक्तच सांगतात. गाडगेबाबांनी तर आयुष्यभर शिष्य करायचं नाकारलं आणि पाया पडू दिलं नाही. नियम कडक असणं वेगळं आणि दार बंद असणं वेगळं. मंडळी कशी आहे हे पाहायचं तर मी आता तिचे ग्रंथ पाहत नाही, तिथून निघालेल्या माणसाशी उरलेले कसे बोलतात ते पाहतो.

(याच तालुक्यात हरिश्चंद्रगडावर चांगदेवांनी तप केलं. वाघावर बसून, शिष्यांचा लवाजमा घेऊन ते ज्ञानेश्वरांकडे गेले आणि पुढे मुक्ताबाईंचे शिष्य झाले, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. गुरूच दुसऱ्याचा शिष्य झाल्यावर त्या लवाजम्याचं काय झालं, हे मात्र कीर्तनात कधी ऐकलं नाही.)

महाराष्ट्रात या विषयावर बोलायचं तर पुण्याचं कोरेगाव पार्क टाळता येत नाही. रजनीशांचा आश्रम तिथे १९७४ साली सुरू झाला. भगवे कपडे, गळ्यात त्यांच्या फोटोची माळ, नवं नाव. जगभरातले सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी लोक तिथे आले. १९८१ मध्ये रजनीश अमेरिकेला गेले आणि ओरेगॉन राज्यात ६४ हजार एकरांवर रजनीशपुरम उभं राहिलं. तिथे दिवसाला बारा-बारा तास काम चाले, आणि कामाला ‘पूजा’ म्हणत. आमच्याकडच्या मंडळींत त्याला ‘सेवा’ म्हणत. राबणाऱ्याला मजुरी मागायचं सुचूच नये, याची सोय दोन्ही शब्दांत आहे. १९८४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याच काउंटीतल्या द डॅलेस गावात हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले गेले. काउंटीच्या निवडणुकीत गावकऱ्यांनी मतदानाला जाऊ नये, हा हेतू. ७५१ माणसं आजारी पडली. रजनीशांच्या सचिव, बडोद्याच्या मा आनंद शीला आणि त्यांच्या जवळच्या काही लोकांचं हे काम होतं, त्यासाठी त्यांना तुरुंगवास झाला. फोन ऐकणं, खोल्यांत ध्वनियंत्रं लपवणं हेही पुढे आलं.

एवढं होऊनही अनेक जण श्रद्धा सोडायला तयार झाले नाहीत. १९८५ मध्ये ती वसाहत कोसळली ती सरकारी कारवाईने. आणि त्यातल्या कितीतरी जणांनी पुढे म्हातारपणीही सांगितलं, की ती आमच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. त्यांना मी खोटं ठरवणार नाही. ओसाड माळावर धरण बांधलं, शेती केली, एकत्र जेवले, एकत्र नाचले. तसे दिवस नोकरदाराच्या वाट्याला कुठे येतात? तीच वर्षं चांगली आणि त्याच वर्षांत आपल्याच माणसांनी लोकांच्या अन्नात जंतू घातले, या दोन्ही गोष्टी एका डोक्यात ठेवणं अवघड असतं. मग माणूस एक गोष्ट टाकतो. कोणती टाकतो, हे सांगायला नको.

विनोद खन्नांचं उदाहरण याच ठिकाणचं. घरात लागोपाठ झालेल्या मृत्यूंनी ते हलले होते. कारकीर्द ऐन भरात असताना १९८२ च्या सुमारास सिनेमा सोडून ओरेगॉनला गेले आणि बागेत माळीकाम केलं. लग्न मोडलं. काही वर्षांनी परतले, आणि १९८७ मध्ये त्यांचे सिनेमे पुन्हा पडद्यावर आले. निर्माते थांबलेले होते, प्रेक्षकही विसरले नव्हते. त्यांच्या परतण्यात त्यांचं धैर्य असेल, पण मागे जागा शिल्लक होती हेही आहे. ती सगळ्यांनाच नसते.

आमच्या शिबिरात एक काका होते. हिशेबाचं काम पाहायचे, माझी बिलं तेच चुकती करायचे. एका दुपारी गुरुजींच्या गाडीचं, परदेश दौऱ्यांचं मीच काही बोललो. ते चिडले नाहीत. वही मिटली आणि म्हणाले, "दिसतं सगळं. मी जमाखर्च लिहितो, मला दिसणार नाही? पण पोरीचं सासर याच मंडळींत आहे. मुलगा यांच्याच छापखान्यात. ठाण्याचा फ्लॅट विकून ज्या वास्तूला पैसे दिले, तिथेच एका खोलीत आम्ही दोघं राहतो. उठून जायचं म्हटलं तर जायचं कुणाकडे?" थोड्या वेळाने सत्संगाची घंटा झाली आणि ते पहिल्या रांगेत जाऊन बसले.

त्यांच्याकडे कोणी पहिल्या दिवशी फ्लॅट मागितला नव्हता. आधी गुरुवारची संध्याकाळ मागितली, मग रविवार. मग दिवाळीची सुट्टी, मग पगारातला काही भाग. जुन्या मित्रांना सोडा असंही कोणी म्हणालं नाही. सुट्टीच उरली नाही, म्हणून मित्र आपोआप सुटले. भावाने गुरुजींची थट्टा केली म्हणून भावाकडे जाणं बंद झालं. मुलीसाठी स्थळ पाहताना ‘आपल्यातलं’ बरं वाटलं. प्रत्येक पायरी इतकी लहान, की तिथे अडून बसणं हट्टीपणाचं वाटलं असतं. आणि दिलेलं जसजसं वाढतं, तसतसं ‘हे सगळं फुकट गेलं’ असं म्हणणं अवघड होत जातं. वीस वर्षं चूक होती हे कबूल करायला ज्या वयात सांगतात, त्या वयात पुढे वीस वर्षं उरलेली नसतात. माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक लोक श्रद्धेपोटी राहत नाहीत, बाहेर काही उरलेलं नसतं म्हणून राहतात. श्रद्धा ही मग राहण्याला जोडलेली सबब होते.

तरी सगळंच फसवणूक आहे असं म्हणून मला सुटता येत नाही. माझा एक आतेभाऊ टोमॅटोच्या हंगामात नारायणगावला मजुरीला जायचा. आमच्याकडची कितीतरी माणसं जातात. तिथे तो प्यायला लागला आणि घरी येऊन बायकोला मारू लागला. मग तिथल्याच एका दुसऱ्या सत्संगात गेला. दारू सुटली. आता मजुरीतला मोठा हिस्सा तिकडे जातो, घरी देवाचे सगळे टाक काढून एकच फोटो लावलाय, भावकीतल्या लग्नाला जेवत नाही. मी त्याच्या बायकोपाशी बोललो. ती म्हणाली, "भावजी, आधी गुत्त्यावाल्याला द्यायचा, आता म्हाराजाला देतो. पैका काय मला तव्हाबी दिसत नव्हता. पर आता मारत नाय." याला माझ्या एम. ए.कडे उत्तर नाही. राजूरला दारू सोडवायला दुसरं काही ठिकाण असतं, तर तिला हा सौदा करावा लागला नसता. माणसं अशा ठिकाणी जातात तेव्हा बाकीच्यांनी सोडून दिलेलं कोणतं काम ती मंडळी करत आहेत, हे आधी विचारावं लागतं.

कायद्याचं विचाराल, तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. नरबळी, भूत उतरवायला मारहाण, चमत्काराच्या नावाने लुबाडणूक, साप-विंचू चावल्यावर उपचार रोखणं, दैवी शक्तीच्या नावाखाली लैंगिक शोषण, अशी कृत्यं त्यात येतात. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. हा कायदा हवाच होता. पण माझ्या सभागृहात जे चालायचं त्यातलं काहीही त्यात बसत नाही. सज्ञान माणसाने आपणहून मोबाईल पिशवीत टाकला आणि पहाटे चारला उठला, तर गुन्हा कुठला? तमिळनाडूतल्या एका आश्रमात राहणाऱ्या दोन मुलींसाठी वडिलांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केली, कारण मुली चाळिशीच्या आसपासच्या होत्या आणि आपण स्वेच्छेने राहतो असं त्यांनी सांगितलं. कायद्याने तेच बरोबर आहे. उद्या माझ्या मोठ्या झालेल्या मुलीला मी न्यायालयाकडून ओढून आणावं, असं मलाही वाटत नाही.

त्या मंडळींनी आता दुसरीकडे स्वतःची जागा घेतली आहे, माझ्याकडे येत नाहीत. पण त्यांच्यामागून आईबाप अजून येतात. कोणाकडून तरी नंबर मिळवतात, धरण पाहायला आल्यासारखं करतात आणि चहा पिता पिता मुलाचा फोटो दाखवतात. हा इथे आला होता का? काय बोलायचा? बहुतेकांनी तोवर एकच केलेलं असतं: घरात येऊन गुरुजींना शिव्या दिलेल्या असतात आणि ‘आम्ही किंवा ते’ असं बजावलेलं असतं. तिकडच्यांना नेमकं हेच हवं असतं. घरचे तुला समजून घेणार नाहीत, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं आणि आईबाप ते खरं करून दाखवतात.

मी कोणी समुपदेशक नाही, पण तंबू भाड्याने देता देता जे पाहिलं त्यावरून त्यांना सांगतो. गुरुजींचा विषय काढू नका. हिशोब मागू नका. तो चिडून बोलला तरी गणपतीला बोलवा, नाही आला तर पुढच्या वर्षी परत बोलवा. त्याच्या जुन्या मित्राचं लग्न असेल तर पत्रिका पाठवा. पैसे मागितले तर नाही म्हणा, जेवायला मात्र कधीही नाही म्हणू नका. मारहाण, शोषण किंवा कोंडून ठेवल्याचं कळलं तर थांबू नका, पोलिसांत जा, समितीच्या कार्यकर्त्यांना गाठा. एरवी आपला फोन नंबर बदलू नका, त्याची खोली भाड्याने देऊ नका, आणि रागाच्या भरात रेशनकार्डावरचं त्याचं नाव कमी करू नका.